मशीन गुणगुणतं, पण ड्रम हलत नाही

नवरात्राच्या आधीचे आठ-पंधरा दिवस सोलापुरात वॉशिंग मशीनच्या परीक्षेचे असतात. घटस्थापनेपूर्वी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, आणि त्यात चादरी असतात त्या सोलापुरी, जाड आणि सुती. नळाला पाणी आलेलं असतं, ते जायच्या आत उरकायचं असतं. अशा वेळी मशीनचा दिवा लागतो, कसलासा आवाजही येतो, पण ड्रम जागचा हलत नाही. घरातलं कुणीतरी लगेच निकाल देऊन मोकळं होतं : मोटर जळाली!

बहुतेक वेळा हा निकाल घाईचा असतो. ड्रम फिरण्यासाठी पाच गोष्टी जुळून याव्या लागतात : पुरेशी वीज, पुरेसं पाणी, झेपेल एवढं ओझं, मोटर सुरू होण्यासाठी लागणारा पहिला धक्का आणि मोटरीपासून ड्रमपर्यंतची धड जोडणी. यातल्या पहिल्या तीन गोष्टी मशीनच्या बाहेरच्या आहेत. सोलापूरसारख्या गावात नेमक्या त्याच तीन गोष्टींची ओढाताण असते. म्हणून मशीनची मागची पाटी उघडण्याआधी नळ, मीटर आणि कपड्यांचा ढीग यांच्याकडे पाहायचं. हा क्रम पाळला तर निम्मं निदान घरच्या घरी होतं आणि पैसेही वाचतात.

मशीन कोणतं, ते आधी पाहा

‘ड्रम फिरत नाही’ या तक्रारीचा अर्थ मशीनप्रमाणे बदलतो. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये धुण्याचा टब मुळी फिरतच नाही. तो स्थिर असतो. फिरते ती त्याच्या तळाची चकती, म्हणजे पल्सेटर. शेजारचा ड्रायर तेवढा गरगर फिरतो. या दोन्हींसाठी दोन वेगळ्या मोटरी असतात. त्यामुळे धुण्याची बाजू बंद पडून ड्रायर व्यवस्थित चालू असेल, तर घरात वीज आहे, प्लग ठीक आहे, एवढं लगेच सिद्ध होतं. दोष फक्त एका बाजूचा उरतो.

टॉप लोड फुली ऑटोमॅटिकमध्ये कपडे धुतले जात असताना बहुधा चकतीच मागे-पुढे फिरते आणि ड्रम ब्रेकवर धरलेला असतो. पाणी काढून टाकल्यावर, पिळण्याच्या वेळी दोन्ही एकत्र वेगानं फिरतात. तेव्हा धुताना ड्रम स्थिर दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. फ्रंट लोडमध्ये मात्र चकती नसतेच, सगळं काम आडवा ड्रमच करतो. तो थांबला की मशीनच थांबलं.

नवं मशीन आणलं असेल किंवा घर बदललं असेल, तर फ्रंट लोडच्या पाठीमागे नजर टाका. वाहतुकीत ड्रम आपटू नये म्हणून कंपनी तो मागून लांब बोल्टांनी आवळून पाठवते. ते बोल्ट काढायचे राहिले, तर ड्रम जखडलेलाच राहतो किंवा सगळं मशीन उड्या मारू लागतं. घर बदलताना तेच बोल्ट परत लावायचे असतात, म्हणून ते जपून ठेवावेत.

पाणी नाही, म्हणून फेरा नाही

सोलापूर शहराला पाणी मिळतं ते मुख्यतः तीन ठिकाणांहून : शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या उजनी धरणातून जलवाहिनीनं, भीमा नदीवरच्या टाकळी इथून आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून. उजनीचं धरण भरलेलं असो वा नसो, शहरात कित्येक वर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येत आलं आहे. म्हणून इथल्या घरांत बॅरल, सिंटेक्सच्या टाक्या आणि जमिनीखालचे हौद असतात. सेमी-ऑटोमॅटिक मशीन इथे सोयीचं वाटतं त्याचंही कारण हेच. त्यात बादलीनं पाणी ओतता येतं. नळाची वाट पाहावी लागत नाही.

फुली ऑटोमॅटिकचं तसं नसतं. टबात ठरावीक पातळीपर्यंत पाणी आल्याची खात्री झाल्याशिवाय ते मोटर सुरूच करत नाही. ही खात्री ते हवेच्या दाबावरून करतं. टबाच्या तळाशी हवेची एक छोटी कुपी असते आणि तिथून एक बारीक नळी वरच्या दाब-स्विचपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, आणि स्विच सांगतो की पाणी भरलं, आता फिरव. पाणी हळू आलं तर मशीन वाट पाहतं, कंटाळतं आणि शेवटी पडद्यावर खूण दाखवून थांबतं. एलजीच्या मशीनवर ‘आयई’ आणि सॅमसंगच्या मशीनवर ‘४सी’ किंवा ‘४ई’ ही पाणी न आल्याची खूण आहे. बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं की ड्रम फिरत नाही.

इथे टाकीच्या उंचीचा हिशोब महत्त्वाचा ठरतो. मशीनच्या पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब दिलेला असतो. बऱ्याच मशीनना ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापासून किमान तीन ते पाच मीटर उंच हवी. टाकी गच्चीवर आणि मशीन तळमजल्यावर असेल, तर प्रश्न येत नाही. मशीन वरच्या मजल्यावर आणि टाकी डोक्यावर जेमतेम दीड मीटर असेल, तर नळाची धार डोळ्यांना बरी दिसते, पण मशीनची झडप नीट उघडत नाही. ही विजेवर चालणारी झडप पूर्ण उघडायला पाण्याच्या दाबाचीच मदत घेते, हे त्याचं कारण. अशा घरात टाकी उंच करणं, छोटा प्रेशर पंप बसवणं किंवा कमी दाबाची झडप मागवणं हे उपाय असतात. मोटर बदलून काहीच साधत नाही.

दुसरी जागा म्हणजे पाण्याचा पाइप मशीनला जोडला जातो तिथली बोटाच्या पेरावर मावेल एवढी जाळी. चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं तेव्हा पहिल्या धारेबरोबर वाहिनीतला गाळ, गंज आणि माती येते, ती तिथे अडकते. नळ बंद करून, पाइप फिरवून काढायचा, चिमट्यानं जाळी ओढून घ्यायची आणि जुन्या टूथब्रशनं घासायची. पाच मिनिटांचं काम आहे.

पाणी अचानक गेलं आणि मशीन मध्येच अडकलं, तर टॉप लोडमध्ये बादलीनं पाणी ओतून पाहा. पाणी कुठून आलं हे दाब-स्विचला कळत नाही, त्याला फक्त पातळी कळते. पातळी भरली की चकती फिरू लागते. मात्र खळबळण्याच्या फेरीला पुन्हा बादल्या ओताव्या लागतील, ती तयारी ठेवा.

पाणी येण्याइतकंच जाणंही महत्त्वाचं. टबात पाणी शिल्लक असताना फुली ऑटोमॅटिक मशीन पिळण्याची फेरी सुरू करत नाही. अनेक टॉप लोड मशीनमध्ये निचऱ्याची झडप आणि ड्रमचा क्लच एकच छोटी मोटर ओढते. ती मोटर गेली की पाणीही जात नाही आणि ड्रमही फिरत नाही. एका दोषाच्या दोन तक्रारी तयार होतात. फ्रंट लोडमध्ये पुढच्या बाजूला खाली छोटं झाकण असतं, त्यामागे निचऱ्याच्या पंपाची जाळी असते. तिथे नाणी, केसांच्या पिना, बटणं आणि धाग्यांचे गुंते सापडतात. महिन्यातून एकदा ती उघडून साफ करावी. उघडण्याआधी खाली ताटली किंवा परात ठेवावी.

चादरीचं वजन ओल्यात मोजा

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जाडपणा, वजन आणि पाणी टिपण्याची ताकद हेच या मालाचं वैशिष्ट्य, आणि मशीनच्या दृष्टीनं तोच सगळ्यात मोठा त्रास.

मशीनवर ‘७ किलो’ लिहिलेलं असतं, ते कोरड्या कपड्यांचं वजन. सुती कापड पिळण्याआधी स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त पाणी सहज धरून ठेवतं. म्हणजे चार किलो चादरी ओल्या झाल्या की मोटरीला बारा किलोंच्या आसपासचा गोळा हलवायचा असतो. शिवाय वजन काट्यात बसलं तरी आकारमान बसेलच असं नाही. चादर पाण्यात फुगते, तिची घडी चकतीवर बसते आणि चकती जागच्या जागी दाबली जाते. मोटर घूं करते, पट्टा घसरतो, जळक्या रबराचा वास येतो.

परीक्षा सोपी आहे. मशीन बंद करा, प्लग काढा, कपडे बाहेर काढा, टबात अर्धंच पाणी ठेवा आणि प्लग परत लावून मशीन रिकामं चालवून पाहा. रिकाम्यात चकती मोकळी फिरली, तर दोष यंत्रात नसून ओझ्यात आहे. मोठी चादर एका वेळी एक किंवा दोनच घ्यावी, सोबत हलके कपडे घालावेत आणि टबात वरून हात घालून कपडे खालवर करता येतील एवढी जागा सोडावी. गोधडी, रजई, सतरंजी या गोष्टी घरगुती मशीनच्या नाहीतच. त्यांना दगड आणि धोपटणं हेच बरं.

ड्रायरची तक्रार वेगळी असते. एकच ओली चादर एका बाजूला गोळा होऊन बसली की तोल जातो, टब हेलकावे खात भिंतीवर आपटतो आणि थांबतो. फुली ऑटोमॅटिकमध्ये मशीन स्वतःच दोन-चार वेळा प्रयत्न करून सोडून देतं. एलजीवर त्या वेळी ‘यूई’ ही खूण येते. चादर उलगडून टबाच्या कडेनं गोल पसरवली, समोरच्या बाजूला एखादा टॉवेल ठेवला की काम होतं. सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरमध्ये कपड्यांवर ती प्लॅस्टिकची जाळीदार तबकडी ठेवायला विसरू नका. ती नसली की हातरुमाल किंवा मोजा उडून टबाच्या बाहेरच्या फटीत जातो, तळाशी दांड्याला गुंडाळतो आणि ड्रायर जाम होतो.

दिवा लागतो तरी वीज कमी असू शकते

दिवा लागणं हा पुरेशा विजेचा पुरावा नव्हे. घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, घराघरांत कूलर आणि एसी सुरू होतात आणि संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. साध्या इंडक्शन मोटरीचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० वरून १८० व्होल्टवर आलं, तर व्होल्टेज सुमारे २२ टक्क्यांनी कमी झालं असं वाटतं. पण मोटरीचा जोर ६१ टक्क्यांवर आलेला असतो. १६० व्होल्टवर तो निम्म्याच्याही खाली जातो. दिवा लागेल, टायमर टिकटिकेल, पण चादरींनी भरलेल्या टबात चकती हलणार नाही.

अशा अवस्थेत मशीन चालू ठेवणं हेच मोटर जळण्याचं खरं कारण. मोटर फिरत नाही तेव्हा ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते आणि सगळी वीज उष्णतेत जाते. अनेक मोटरींच्या वाइंडिंगमध्ये यासाठी तापमानावर चालणारा संरक्षक असतो. मोटर फार तापली की तो वीज तोडतो, आणि थंड झाली की पुन्हा जोडतो. म्हणून एक विशिष्ट तक्रार ऐकू येते : मशीन तासभर छान चाललं, मग बंद पडलं, अर्ध्या तासानं आपोआप सुरू झालं. पाणी आलेल्या दिवशी एकामागून एक सहा-सात खेपा लावणाऱ्या घरात हे हमखास घडतं. तिथे मोटर गेलेली नसते, तिला फक्त दम खायला वेळ हवा असतो. दोन खेपांमध्ये वीस-पंचवीस मिनिटं सोडा. व्होल्टेज नेहमीच कमी राहत असेल, तर स्टॅबिलायझर लावा आणि महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवा. एक्स्टेन्शन बोर्डाच्या बारीक वायरवर मशीन चालवू नका. त्या वायरीत आणखी व्होल्टेज खर्ची पडतं.

नुसताच घूं आवाज

व्होल्टेज ठीक आहे, टब रिकामा आहे, तरीही नुसतं घूं होतं आणि चकती हलत नाही. आता मशीनच्या आत पाहायची वेळ आली. हा आवाज सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग चालवणाऱ्याला नवा नाही. तीन फेजवर चालणाऱ्या मागाच्या मोटरीची एक फेज उडाली की थांबलेली मोटर पुन्हा सुरू होत नाही. जागच्या जागी थरथरत अशीच घूं करते, आणि वेळीच बटण दाबलं नाही तर वाइंडिंग जळतं.

कारणही एकाच जातीचं आहे. तीन फेजचा पुरवठा मोटरीच्या आत आपोआप फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि रोटर त्याच्या मागे ओढला जातो. घरात एकच फेज येते. तिनं तयार होणारं क्षेत्र फिरत नाही, जागेवरच उलट-सुलट होतं. थांबलेल्या रोटरला ते दोन्ही दिशांना सारखंच ओढतं, म्हणून तो कुठेच जात नाही. यावर तोड म्हणून मोटरीत दोन वाइंडिंग गुंडाळतात आणि एकाच्या वाटेत कपॅसिटर बसवतात. कपॅसिटरमुळे त्या वाइंडिंगचा करंट पुढे सरकतो, दोन करंटांत अंतर पडतं आणि क्षेत्र फिरू लागतं. कपॅसिटर गेला की मोटर पुन्हा अडून बसते.

मेकॅनिक याला कंडेन्सर म्हणतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तो अनेकदा दुहेरी असतो : धुण्याच्या मोटरीसाठी दहा मायक्रोफॅरडच्या आसपास आणि ड्रायरसाठी पाचच्या आसपास. नेमका आकडा त्याच्या अंगावर छापलेला असतो. उष्णतेनं आणि वयानं त्याची क्षमता उतरत जाते. दहाचा सात झाला की रिकामी चकती फिरते, कपडे टाकले की अडते. हे मल्टिमीटरवर मिनिटभरात मोजता येतं, आणि भाग काही मोटरीसारखा महाग नसतो. घूं आवाज येताच मोटर बदलण्याचा सल्ला मिळाला, तर आधी कंडेन्सर मोजून दाखवायला सांगा. बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा घ्यावा. मोठा टाकला तर जोर वाढेल असं समजून मोठा टाकू नये, वाइंडिंग तापतं.

धुण्याच्या मोटरीचं आणखी एक लक्षण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. तिला दोन्ही दिशांना फिरायचं असतं, म्हणून तिची दोन्ही वाइंडिंग सारखी असतात आणि टायमर आलटून पालटून दिशा बदलतो. चकती एकाच दिशेला फिरत असेल आणि दुसऱ्या वेळी गप्प बसत असेल, तर मोटर बहुधा चांगली आहे. टायमरचा एक संपर्कबिंदू जळला आहे किंवा एक वायर तुटली आहे. वायर तुटण्यामागे उंदीर असण्याची शक्यता मोठी. सेमी-ऑटोमॅटिक मशीन खालून उघडं असतं, आत ऊब असते आणि वायरीचं प्लॅस्टिक कुरतडायला मऊ लागतं. तळाशी लोखंडी किंवा जाड प्लॅस्टिकची जाळी बसवली की हा खर्च टळतो.

ड्रायर घूं करत अडला असेल, तर कंडेन्सरबरोबरच ब्रेक पाहावा. झाकण लावलं की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की ब्रेक लागतो. ही तार सैल झाली किंवा तुटली, तर झाकण लावूनही ब्रेक लागलेलाच राहतो आणि मोटर त्याच्याशी झगडत बसते. प्लग काढून, झाकण लावल्यासारखी तार ओढून टब हातानं फिरवला की हे कळतं.

मोटर फिरते, चकती फिरत नाही

आता उलटी तक्रार. मोटरीचा आवाज मोकळा, नेहमीसारखा येतो, पण पाणी शांत आहे. म्हणजे मोटर चांगली आहे आणि जोडणी तुटली आहे. पहिला संशय पट्ट्यावर. तो तुटतो, पुलीवरून उतरतो किंवा सैल होऊन घसरतो. मशीनखाली काळी रबराची भुकटी दिसली तर पट्टा घासतो आहे. ताणलेला पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण एक सेंटिमीटर आत जावा. त्याहून फार जास्त गेला तर मोटरीचे बोल्ट सैल करून ती थोडी मागे सरकवतात आणि पुन्हा आवळतात. नवा पट्टा आणताना जुन्यावरचा क्रमांक वाचून घ्यावा, नुसती लांबी हातानं मोजू नये.

दुसरा संशय चकतीवर. मधला स्क्रू काढला की चकती वर उचलून येते. तिच्या खाली नाणी, हुक, सेफ्टी पिना आणि चादरी-टॉवेलच्या धाग्यांचे गोळे साचलेले असतात. चकतीच्या मध्यभागी आतून दाते असतात, ते दांड्याच्या दात्यांत बसतात. प्लॅस्टिकचे दाते झिजून गुळगुळीत झाले की दांडा फिरतो आणि चकती तशीच राहते. अशा वेळी चकती बदलणं पुरेसं असतं. गिअरबॉक्सला हात लावायची गरज नसते. गिअरबॉक्सच बिघडला असेल, तर पट्टा हातानं फिरवताना कडकड आवाज येतो किंवा खालून तेल गळलेलं दिसतं.

फ्रंट लोडमध्ये जुन्या पद्धतीच्या मोटरीला कार्बन ब्रश असतात. पेन्सिलीच्या शिशासारखे ते झिजत जातात आणि आखूड झाले की मोटर एकदम गप्प होते. पडदा चालू, दार बंद, पाणी भरलेलं, पण आवाज मुळीच नाही. ब्रशची जोडी बदलली की तीच मोटर पुन्हा वर्षानुवर्षं चालते. इन्व्हर्टर किंवा डायरेक्ट ड्राइव्ह मशीनमध्ये ब्रश नसतात. तिथे रोटरची जागा सांगणारा सेन्सर आणि बोर्ड यांवर सगळी मदार असते. एलजीवर ‘एलई’ ही खूण आली, तर मोटरीवर ताण आहे किंवा ती अडकली आहे असा अर्थ. तिथेही आधी कपडे कमी करून, अर्धा तास थांबून पुन्हा पाहावं. दार न लागल्यामुळेही फ्रंट लोड सुरू होत नाही. दाराचा ‘टक’ आवाज ऐकू आला पाहिजे. रबरी कडेत अडकलेला मोजाही दार पूर्ण लागू देत नाही.

जड पाणी आणि बेअरिंगची गर्जना

दख्खनच्या काळ्या खडकात खोदलेल्या बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाणी येत नाही म्हणून मशीनला बोअरचं पाणी जोडलं, की साबणाचा फेस होत नाही आणि क्षार आणि साबण यांचा राखाडी लगदा ड्रमच्या मागे, हवेच्या कुपीत आणि रबरी सीलवर बसतो. कुपी तुंबली की दाब-स्विच चुकीची पातळी सांगतो. सीलची कड खरबरीत झाली की पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं, ग्रीस धुऊन निघतं आणि गंज चढतो.

याची सूचना बरीच आधी मिळते. पिळण्याच्या वेळी दळणाच्या गिरणीसारखी घरघर सुरू होते आणि दर महिन्याला वाढते. प्लग काढून ड्रम हातानं फिरवला तर खरखर जाणवते, वर-खाली हलवला तर ढिला लागतो. या टप्प्यावर बेअरिंग आणि सील बदलली तर मशीन वाचतं. ड्रम जाम होईपर्यंत वाट पाहिली, तर दांडा आणि ड्रमच्या मागचा ॲल्युमिनियमचा तीन हातांचा आधारही गेलेला असतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी दीड-दोन महिन्यांतून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर लिंबूसत्त्व टाकून चालवावं आणि पावडर मोजूनच घालावी. जास्त पावडरीनं कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, लगदा मात्र वाढतो.

हात कुठे घालायचा नाही

मशीनजवळ वीज आणि पाणी एकत्र असतात. प्लग काढल्याशिवाय कुठलंही झाकण उघडू नये. बटण बंद करणं पुरेसं नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, त्याच्या टोकांना बोट लावू नये. मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर अर्थिंग तपासल्याशिवाय ते वापरूच नये. ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच घराच्या बोर्डात असावा. आणि ड्रायरच्या झाकणाचा स्विच काडी खुपसून किंवा वायर जोडून कायमचा चालू करण्याचा उद्योग कुणीही करू नये. ड्रायर मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेतो. त्यात गेलेला हात किंवा ओढणी बाहेर काढायला वेळ मिळत नाही. चालू मोटरीच्या चकतीला हातानं धक्का देऊन पाहणं हेही मेकॅनिकवर सोडावं.

मेकॅनिक आला की

त्याला ‘बंद पडलं’ एवढंच न सांगता पाच गोष्टी सांगा : आवाज येतो की नाही, रिकाम्यात फिरतं का, एका दिशेला फिरतं का, पाणी भरतं आणि जातं का, पडद्यावर कोणती खूण येते. यावरून जाणता माणूस तुमच्या घरी येतानाच कंडेन्सर किंवा पट्टा सोबत घेऊन येईल. मशीन वॉरंटीत असेल, तर स्वतः उघडू नका. ‘मोटरवर दहा वर्षं’ अशी हमी बहुधा फक्त मोटरीच्या भागाची असते. कपॅसिटर, पट्टा, बोर्ड आणि कामाची मजुरी त्यात येत नाही, तेव्हा कार्डावरची बारीक अक्षरं वाचा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं आहे. सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी हा त्याचा हेतू. दाद मागायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

बदललेला जुना भाग परत मागा, बिलावर भागाचं नाव लिहून घ्या आणि मोटर बदलायची म्हणाले तर वाइंडिंगचा रोध मल्टिमीटरवर तुमच्यासमोर मोजायला सांगा. सोलापुरात मोटरी पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर आजही आहेत; साधी इंडक्शन मोटर खरोखरच जळाली असेल, तरी नवी घेण्याआधी त्यांच्याकडे चौकशी करा. पण तिथवर जाण्याआधी नळाची धार, घरातलं व्होल्टेज आणि टबातल्या चादरी या तीन गोष्टी तपासून घ्या. त्यांना खर्च काहीच येत नाही.